गिरणी काय म्हणते

चष्मेवाल्याच्या घरात मांजर आलं ते कुणाला न विचारता. दुकान खाली, घर वर आणि मधे एक अरुंद लाकडी जिना. एका सकाळी तो दुकान उघडायला खाली उतरला, तर फ्रेमच्या रिकाम्या खोक्यात एक राखाडी पिल्लू बसलेलं. त्यानं ते उचलून बाहेर ठेवलं. परत आत. पुन्हा ठेवलं, पुन्हा आत. दुपारपर्यंत हा खेळ चालला आणि मग गिऱ्हाइकं आली म्हणून त्यानं नाद सोडला. संध्याकाळी बायको कामावरून आली. तिनं पिल्लू उचलून गळ्याशी धरलं मात्र, त्या मुठीएवढ्या जिवातून असा काही आवाज सुरू झाला की ती आधी दचकली आणि मग हसतच सुटली.

"अरे, ही मांजर आहे की पिठाची गिरणी?"

झालं, नाव पडलं. गिरणी.

बायकोचंही खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. लहानपणी तोंडाला खंड नसायचा म्हणून वडील तिला बुलबुल म्हणत, तेच पुढे सगळ्यांनी उचललं. गल्लीच्या टोकाच्या सलूनमध्ये ती बायकांचे केस कापायची. खुर्चीत बसलेली बाई उठेपर्यंत तिच्या केसांबरोबर तिच्या सासूपासून सुनेपर्यंतची सगळी कहाणी खाली उतरलेली असायची. चष्मेवाला नेमका उलट. गिऱ्हाइकाला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवायचं, काच बदलायची आणि विचारायचं, "आता स्पष्ट की मघाशी?" त्याचं दिवसभराचं बोलणं एवढंच. पलीकडच्या इमारतीत त्याची मोठी बहीण राहायची. ती म्हणायची, "लहानपणी याला ताप आला तरी आम्हाला हात लावून बघितल्यावर कळायचं. हा सांगेल तर शपथ." आणि गिरणीला बुलबुलच्या अंगाखांद्यावर लोळताना पाहिलं की ताई डोळे मिचकावून म्हणायची, "मांजराला बुलबुल आवडली यात नवल ते काय! अजून खाल्ली कशी नाही, हे नवल."

रात्रीचं जेवण आटोपलं की बुलबुल आडवी व्हायची आणि गिरणी तिच्या पोटावर चढून घुरघुर सुरू करायची. मग बुलबुल नवऱ्याला विचारायची, "सांग, गिरणी काय म्हणतेय?"

"काही म्हणत नाहीये. गळ्यातला स्नायू हलतो, त्याचा आवाज."

"चूक. ती म्हणतेय, चष्मेवाल्यांनी माशाचं डोकं कचऱ्यात टाकलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. चष्म्याशिवाय."

कधी गिरणीला ताईची साडी आवडलेली नसायची, कधी शेजारच्या बोक्याची नियत साफ वाटत नसायची, कधी पंखा जोरात असायचा. रोज नवं काहीतरी. तो हसायचा नाही. पण हातातलं वर्तमानपत्र त्या वेळेला पुढे सरकायचंही नाही, हे बुलबुलला ठाऊक होतं.

लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, ताईनंही आडून आडून विचारायचं सोडून दिलं, आणि तेव्हा बुलबुलला दिवस राहिले. मग काय विचारता! सलूनमधल्या बायकांनी नावं सुचवली. ताईनं लोकर आणली. चष्मेवाल्यानं जिन्याला आपल्या हातानं दुसरा कठडा ठोकला, का ते न सांगता. गिरणी तिच्या वाढत्या पोटाला पाठ लावून झोपायची आणि बुलबुल म्हणायची, "दोघींचं आतून बाहेरून काहीतरी चाललंय. मला कुणी घेत नाही त्यात."

आठव्या महिन्यात एका सकाळी तिला पोटात हालचाल जाणवेना. दवाखान्यात नेलं, तोवर सगळं संपलेलं होतं. शस्त्रक्रिया करून बाळ काढावं लागलं. नंतर तिला ताप चढला आणि दोन-तीन दिवस ती शुद्धीत असून नसल्यासारखी होती. त्या दिवसांत जे करायचं ते चष्मेवाल्यानं एकट्यानं केलं. मुलगी होती, एवढं डॉक्टरांनी तिला सांगितलं. त्यानं काहीच सांगितलं नाही.

ती घरी येण्याआधी त्यानं पाळणा परत केला, लोकरीचे कपडे ताईकडे ठेवायला दिले. त्याच्या मनात एकच होतं, की खपली धरू द्यावी, नखानं उचकटू नये. म्हणून तो विषयच काढायचा नाही. कुणी दुसऱ्यानं काढला तर उठून पाणी आणायला जायचा. काही दिवसांनी बुलबुल कामावर जाऊ लागली. स्वयंपाक करायची, कपडे वाळत घालायची, गिरणीला मांडीवर घेऊन बसायची. गिरणी घुरघुरायची, पण ती काय म्हणतेय हे आता बुलबुल सांगत नव्हती.

"बरी आहेस ना?" तो विचारायचा.

"बरी आहे."

तो मान डोलवायचा आणि खाली दुकानात जायचा. त्याच्या मनावरचा भार तेवढ्यापुरता उतरायचा. आणखी दुसरा प्रश्न विचारावा असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही, पण तो ओठांपर्यंत पोहोचला नाही.

अशीच दोन वर्षं गेली आणि एक दिवस तिनं बॅग भरली.

"मला दुसऱ्या गावी काम मिळालंय," ती म्हणाली. "मी जाते."

"किती दिवस?"

"दिवस नाही रे. जाते."

त्यानं बॅगेकडे पाहिलं. "पण तू तर म्हणायचीस की बरी आहेस."

"तुला तेच ऐकायचं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर तो निदान भांडला असता. जिन्याच्या वरच्या पायरीवर गिरणी बसली होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवून बुलबुल म्हणाली, "खोलीचा मालक जनावर ठेवू देत नाही. हिला सांभाळ." ती उतरून गेली. पुढे यथावकाश वकिलाकडे जाऊन सह्याही झाल्या.

गिरणीनं कित्येक महिने तोंड उघडलं नाही. खायची, झोपायची, आणि सलून सुटायच्या वेळेला जिन्यात जाऊन बसायची. अंधार पडला की परत यायची. चष्मेवाल्याकडे बघायचीसुद्धा नाही. तोही तिच्याकडे बघायचा टाळायचा. दोघं एकाच घरात असे राहत होते, की जणू भाडं वेगवेगळं भरतात.

मग एका पावसाळी दुपारी तो तापानं फणफणून पडलेला असताना गिरणी गुपचूप आली, त्याच्या छातीवर चढली, दोन वेळा गोल फिरली आणि बसली. आणि तो आवाज सुरू झाला. त्याच्या बरगड्यांतून तो आवाज पाठीपर्यंत जात होता. गळ्यातला स्नायू हलतो म्हणणारा माणूस, पण तो आवाज बंद पडू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत पडून राहिला. अंग घामेजलं तरी कूस बदलली नाही.

तेव्हापासून तो बोलायला लागला. गिरणीशी. आज एक आजोबा आले, चष्मा कपाळावर आणि घरभर शोधतायत. आज एका पोरीला पहिला चष्मा लागला, आरशात बघून रडली, मग रस्त्याच्या पलीकडची पाटी वाचता आली तशी रडायचं विसरली. एकदा ताई जिना चढत होती तर वर बोलण्याचा आवाज. "कोण आलंय रे?" तिनं दारातून विचारलं. "कोणी नाही," तो ओशाळून म्हणाला. ताईनं मांजराकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि तोंडातला शब्द गिळला. हे बोलणं दुसऱ्या कुणाला हवं होतं, असंच काहीतरी तिला म्हणायचं असावं.

रात्री दिवा मालवताना तो स्वतःलाच विचारायचा, "गिरणी काय म्हणते?" आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "म्हणते, ठीक चाललंय." बुलबुलसारखं रचून सांगणं त्याला जमत नव्हतं. पण मांजर घुरघुरतंय म्हणजे या घरात काही बिघडलेलं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं. त्या आवाजावर त्याची पुढची सगळी वर्षं उभी होती.

मांजरंही म्हातारी होतात. गिरणी आधी कपाटावर उडी मारेनाशी झाली, मग पलंगावर. पाणी प्यायला लागली की वाटी रिकामी होईपर्यंत पीत राही. पाठीचे मणके हाताला लागू लागले. स्वतःचं अंग चाटणंही तिनं सोडलं, त्यामुळे पोटाखालचे, मांड्यांमागचे केस गुंतून त्यांच्या गाठी झाल्या. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं की मूत्रपिंडं निकामी होत चाललीयत. कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते त्यांनी त्याला शिकवलं. चष्म्याचा तिळाएवढा स्क्रू जागेवर बसवताना ज्याचा हात कधी हलला नव्हता, तो माणूस सुई धरून तीन-तीनदा जागा बदलायचा. "झालं, झालं माझे बाई," म्हणत तो रोज टोचायचा, आणि गिरणी त्याच्या मांडीवर घुरघुरत पडून राहायची. त्याला वाटायचं, बघा, हिला माझा राग येत नाही.

मग तिनं खाणंच टाकलं. तो तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं, वजन केलं आणि हातमोजे काढून ठेवले.

"काका, आता सलाईननं काही होणार नाही. तिला सोडवायला हवं."

"सोडवायला म्हणजे?"

"इंजेक्शन देऊन. झोप लागते, मग काही कळत नाही."

"पण ती घुरघुरतेय," चष्मेवाला म्हणाला. "मी जवळ घेतलं की लगेच. ऐका ना, आत्ताही चालू आहे. दुखत असतं तर ओरडली असती."

डॉक्टरीणबाईंनी गिरणीच्या कानामागे खाजवलं. मग हळू म्हणाल्या, "घुरघुरतेय म्हणजे मांजर सुखातच आहे, असं नसतं काका. सुखात असतात तेव्हा घुरघुरतातच. पण घाबरली तरी घुरघुरतात, दुखलं तरी. पिल्लं होताना, जीव जातानासुद्धा. का, ते नक्की सांगता येत नाही. आपण दुखलं की कण्हतो ना, किंवा पोर रडतं तर आई थोपटते, तसं ती स्वतःला थोपटत असावीत."

त्याचा चेहरा लाल झाला. "तुम्ही चार दिवस बघताय हिला. मी पोटच्या पोरासारखी ओळखतो." हे शब्द तोंडातून गेले आणि तो स्वतःच चपापला. मांजर टॉवेलात गुंडाळून तो तडक बाहेर पडला. फीसुद्धा द्यायची राहिली.

संध्याकाळी ताई आली. टोपलीत पडलेल्या गिरणीकडे तिनं पाहिलं आणि म्हणाली, "बुलबुलला कळव."

"तिचा आता काय संबंध?"

"मांजर तिचं आहे. तू सांभाळलंस. सांभाळणाऱ्यानं सांगायचं असतं."

"तिला उगाच त्रास."

"अरे, पुरे झालं तुझं लोकांचे त्रास वाचवणं!" ताई एकदम कडाडली. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. "तुझ्या त्या वाचवण्यानं घर बसलं रे. फोन कर."

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नसताना त्यानं फोन लावला. पलीकडे केस वाळवायच्या यंत्राचा घोंघाट होता.

"मी बोलतोय."

घोंघाट बंद झाला. "काय झालं?"

"गिरणी बरी नाही."

"किती बरी नाही?"

त्याला सवयीनं म्हणायचं होतं, तशी ठीक आहे. "खात नाही," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात इंजेक्शन द्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बुलबुल म्हणाली, "रविवारी सलून बंद असतं. सकाळच्या बसनं येते. तोवर काही करू नकोस."

ती आली तेव्हा त्याला दार उघडायला वेळ लागला, कारण तो दारामागेच उभा होता आणि तसं दिसू नये म्हणून थांबला होता. तिनं केस आखूड कापले होते आणि पांढरे झालेले तसेच ठेवले होते. "बारीक झालास," ती म्हणाली. तो बाजूला झाला. खिडकीशी कपड्यांची टोपली होती, तिच्यात जुन्या स्वेटरवर गिरणी पडून होती. बुलबुल पर्सही न ठेवता जमिनीवर बसली.

"गिरणे. ए गिरणे. ओळखलंस का गं मला?"

गिरणीनं मान वर केली. डोळे पुरते उघडले नाहीत, पण नाक हललं. बुलबुलनं हात पुढे केला, त्यात तिनं हनुवटी ठेवली, आणि घुरघुर सुरू झाली. कित्येक दिवसांत नव्हती इतकी मोठी.

"बघ! बघितलंस?" चष्मेवाल्याला आनंद आवरेना. "ओळखलं तिनं. इतकी वर्षं झाली तरी! आणि ती डॉक्टरीण म्हणते दुखतंय. खूश झालीय ती. तू आलीस म्हणून खूश झालीय."

बुलबुलनं गिरणीच्या फासळ्यांवर तळहात पालथा ठेवला, मग खाली वाकून कान टेकवला. ती तशीच राहिली. चष्मेवाला उभा होता तो बसला, मग पुन्हा उठला. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "सांग ना. काय म्हणतेय गिरणी?"

बुलबुलनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"पुरे, म्हणतेय," ती म्हणाली.

"असं काही नाही."

"अरे, शटरखाली हिचा पाय सापडला होता, आठवतं? खोक्यामागे जाऊन बसली होती आणि अशीच घुरघुरत होती. हाच आवाज. वरून नेहमीसारखा, पण खाली हात ठेवला की खरखर लागते. तू म्हणालास, काही झालेलं नाही, मजेत आहे. मी ओढून दवाखान्यात नेली तर हाड मोडलेलं."

त्याला आठवलं. इतकी वर्षं आठवलं नव्हतं ते लख्ख आठवलं. तो खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलची चेन बसवत होता. त्याच्याकडे बघत चष्मेवाला म्हणाला, "मला आवाज ऐकू आला की बरं वाटायचं. म्हणून मी पुढे बघितलंच नाही."

"हो."

"तू बरी आहे म्हणायचीस, तेव्हाही."

"हो रे," बुलबुल म्हणाली. एवढंच म्हणाली.

त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन केला. रविवार होता, तरी दुपारी घरीच येते, असं त्या म्हणाल्या. तोवर बुलबुलनं पर्समधून कंगवा आणि कामाची छोटी कात्री काढली. "अशा अवतारात पाठवायचं का हिला?" असं पुटपुटत तिनं गिरणीच्या पोटाखालच्या गाठी एकेक करून सोडवल्या, ज्या सुटल्या नाहीत त्या कातडीला बोट लावून अलगद कापल्या. मोठमोठ्या गिऱ्हाइकांचे केस कापणारे तिचे हात त्या दिवशी जितके सावकाश चालले तितके कधी चालले नसतील. चष्मेवाल्यानं कापलेले गुंते ओंजळीत धरले. ते कुठे टाकावेत हे त्याला कळेना.

डॉक्टरीणबाई आल्या तशी तो म्हणाला, "त्या दिवशी मी जास्त बोललो."

"असू द्या काका. सगळेच बोलतात. कुणाच्या मांडीवर घेताय?"

"हिच्या," त्यानं बुलबुलकडे बोट दाखवलं.

"नाही," बुलबुल म्हणाली. "तू घे. झोपायची सवय तिला तुझ्याकडची आहे."

त्यानं गिरणीला स्वेटरसकट मांडीवर घेतलं. बुलबुल त्याच्या गुडघ्याला टेकून बसली आणि तिनं गिरणीचा पुढचा पाय बोटांत धरला, तोच मोडून सांधलेला. पहिल्या इंजेक्शनला गिरणीनं अंग किंचित आखडलं. घुरघुर चालूच होती. मग तिची मान त्याच्या मनगटावर जड झाली. आवाज खाली खाली गेला, मधे थांबला, परत थोडा आला, तुटक, आणि मग आला नाही. श्वास अजून चालला होता, पण नुसता श्वास.

"आता तिला काहीच जाणवत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. जिना उतरताना त्यांनी दार हळूच ओढून घेतलं. चष्मेवाल्याचा तळहात होता तिथेच होता.

"गेली रे ती," शेवटी बुलबुलनं सांगितलं.

"माहीत आहे. ऊब आहे अजून."

दुकानामागच्या जागेत त्यानं खड्डा खणला. पलीकडून ताई आली, तिनं नवा टॉवेल आणला होता. माती लोटून झाल्यावर ती चहा करायला म्हणून वर गेली, आणि दोघांपुढे कप ठेवून, काम आठवल्यासारखं करून आपल्या घरी निघून गेली. मागच्या पायरीवर दोघं बसले होते. चष्मेवाल्याच्या नखांत माती होती. मग बुलबुलनं विचारलं,

"कशी होती ती?"

"शेवटी शेवटी फार—"

"गिरणी नाही. आपली."

त्यानं उचललेला कप तसाच खाली ठेवला.

"तू तिला बघितलंस," बुलबुल म्हणाली. "त्या मोठ्या नर्सनं मला सांगितलं होतं. म्हणाली, बाळाच्या बाबांनी मागून घेतलं, खूप वेळ घेऊन बसले होते. मला वाटलं आज सांगशील, उद्या सांगशील. मी रोज वाट बघायची. तू यायचास आणि विचारायचास, बरी आहेस ना."

"मला वाटलं तुला..."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं." तिनं गुडघे पोटाशी ओढून घेतले. "केस होते?"

"होते." तो खाकरला. "खूप होते. काळे. ओले होते म्हणून कपाळाला चिकटलेले. मी बोटानं मागे केले."

"कुरळे?"

"कानाजवळ थोडे. तुझ्या आईचे आहेत तसे. हनुवटी तुझी. नखं... नखं वाढलेली होती, कापायला आली होती. हात असा होता, मुठीत अंगठा आत. मी उघडून बघितला. परत मिटेना, म्हणून मी मिटवला."

बुलबुलनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. "अजून," ती हातांतून म्हणाली. "अजून सांग."

"मी बोललो तिच्याशी."

"तू?"

"हो. तिथे कुणी नव्हतं. मी म्हटलं, तुझी आई खूप बोलते. तुला कधी कंटाळा आला नसता."

तेव्हा बुलबुल रडली. आठ वर्षांपूर्वी दवाखान्यातून आल्यावर जे रडायचं होतं ते रडली, आवाज करून, अंगणभर. चष्मेवाल्यानं तिला थोपटायला हात उचलला आणि त्याला हिंमत झाली नाही. मग तिनंच तो मातीचा हात ओढून आपल्या तोंडाशी धरला. तोही रडत होता. शेजारच्या खिडकीत कुणीतरी आलं आणि आत गेलं.

ऊन भिंतीवरून वर सरकलं तसं तिनं तोंड धुतलं आणि केस सारखे केले.

"थांबशील?" त्यानं विचारलं. "आजची रात्र नाही म्हणत मी."

"कळलं मला." ती त्याच्याकडे नीट बघत होती. "नाही रे. तिकडे माझं घर आहे आता. एकटीचं आहे, पण माझं आहे. इथे जिना चढले तरी मला धाप लागते, आणि ती वयाची नाही."

"हे सगळं तेव्हा बोललो असतो, तर?"

खोटं सांगणं सोपं होतं आणि तिला ते उत्तम येत होतं. "तर मी गेले नसते," ती म्हणाली.

तो तिला बसपर्यंत सोडायला गेला. बस आली, ती चढली, खिडकीची जागा मिळाली. बस हलली तेव्हा ती काहीतरी म्हणाली. काच बंद होती, त्याला ऐकू आलं नाही. त्यानं विचारण्यासाठी हात वर केला, तिला वाटलं निरोप देतोय, आणि तिनंही हात हलवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं. पहिल्याच आल्या त्या शाळेतल्या निवृत्त बाई, दर वर्षी नंबर तपासून घेणाऱ्या. खुर्चीत बसताना त्यांनी सवयीनं इकडेतिकडे पाहिलं. "आमची राखाडी मैत्रीण दिसत नाही आज?"

"काल गेली."

"अरेरे. म्हातारी झाली होती हो. सुखानं गेली ना?"

चष्मेवाल्यानं काचांची पेटी उघडली. "नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस दुखत होतं तिला. ती सांगत होती. मला कळलं नाही."

बाईंनी आपला जुना चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्मेवाल्यानं चाचणीची फ्रेम त्यांच्या कानांवर बसवली, एक काच घातली, दुसरी घातली. विचारायचा तो प्रश्न त्याला विचारता येईना. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. भर दिवसा, शटर सताड उघडं असताना. बाईंना समोरचं धड काहीच दिसत नव्हतं. त्या खुर्चीतून उठल्या, काउंटरचा आधार घेत, चाचपडत त्याच्यापर्यंत गेल्या आणि त्याच्या बाहीला धरून उभ्या राहिल्या.